ब्रिटन, २०२२ : तुमच्या वाट्याला आलेलं ते वर्ष

जूनमध्ये राणीच्या कारकिर्दीच्या सत्तरीचा सोहळा, जुलैत उन्हाचा विक्रम, सप्टेंबरात राणीचं निधन, आणि सात आठवड्यांत तीन पंतप्रधान. ही यादी कुठेही मिळेल. पण त्या दिवसांत आपण मराठी माणसं काय करत होतो, आपल्याला काय वाटत होतं, हे आपणच लिहिलं पाहिजे. त्या वर्षी जे इथे होते त्यांनी जरूर लिहा. चार ओळीही चालतील.

सुरुवात मी करते. पुढे वेगवेगळ्या गावांतल्या मैत्रिणींनी लिहिलेलं आहे.

स्लाऊ. आमच्याकडे दहा दिवसांचा गणपती. ८ सप्टेंबरला संध्याकाळी साडेसहाला राणी गेल्याची बातमी आली तेव्हा मी वाटल्या डाळीसाठी हरभऱ्याची डाळ भिजत घालत होते. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. इथल्या मंडळाने ढोल-ताशा रद्द केला आणि ते योग्यच झालं. शेजारच्या इंग्रज आजी दरवर्षी आरतीला येतात. मला वाटलं, यंदा येणार नाहीत. आल्या. नऊ वर्षांच्या असताना, १९५३ साली, राणीचा राज्याभिषेक त्यांनी गल्लीतल्या एकुलत्या एका टीव्हीवर पाहिला होता. त्यांनी हळूच विचारलं, "तिच्यासाठी तुमच्या देवाकडे काही मागितलं तर चालेल?" मी त्यांच्या हातावर अक्षता ठेवल्या. त्या बराच वेळ डोळे मिटून उभ्या होत्या.

एडिनबरा. मी तेव्हा एमएससी करत होते. राणीचं निधन स्कॉटलंडमधल्या बाल्मोरल वाड्यात झाल्यामुळे लंडनच्या आधी अंत्यदर्शन आमच्या गावात, सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये होतं. १२ सप्टेंबरला रात्री मेडोज बागेजवळ रांगेत उभी राहिले आणि पुण्याला घरी फोन केला. बाबा भडकलेच. "ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांच्यासाठी रांग लावतेस?" बाबांचं म्हणणं मला आजही पटतं. बंगालचा दुष्काळ, कोहिनूर, काहीच विसरण्यासारखं नाही. तरी मी गेले. माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांची बायको कोविडमध्ये गेलेली. तिच्या अंत्यविधीला मोजक्याच लोकांना परवानगी होती. ते म्हणाले, "तिच्यासाठी रांगेत उभं राहता आलं नाही, म्हणून आज आलोय." आत शवपेटीवर स्कॉटलंडचा मुकुट होता. थांबू देत नव्हते, मान झुकवायची आणि पुढे सरकायचं. भारत सरकारनेही ११ तारखेला एक दिवसाचा दुखवटा पाळला होता, हे सांगितल्यावर बाबा थोडे निवळले. थोडेच.

पूर्व लंडन. मी नागपूरची, त्यामुळे ४० अंश ऐकून आधी घाबरले नाही. १९ जुलैला लिंकनशरमधल्या कोनिंग्सबीला ४०.३ नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच पारा चाळिशीपार. पण इथली घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली, खिडकी वीतभरच उघडते, आणि पंखे दुकानांतून आधीच संपलेले. शेजारणी दिवसभर खिडक्या उघड्या टाकून बसल्या होत्या. त्यांना सांगितलं, सकाळी नऊलाच खिडक्या-पडदे बंद करा, पडद्यांवर पाणी मारा, रात्री उघडा. दुपारी दूरवर धूर दिसला. पूर्व लंडनच्याच टोकाला असलेल्या वेनिंग्टन गावात वणव्यात घरंच्या घरं जळाली. लंडनच्या अग्निशमन दलाला दुसऱ्या महायुद्धानंतर एवढी धावपळ कधी करावी लागली नव्हती.

बर्मिंगहॅम. माझ्या लेखी त्या वर्षातलं सर्वांत मोठं मरण राणीचं नव्हे, आपल्या कॅन्सरबद्दल जाहीरपणे बोलणाऱ्या डेबोरा जेम्सचं. आतड्याचा कॅन्सर, वय ४०, २८ जूनला गेली. शेवटच्या आठवड्यांत तिने लाखो पौंडांचा निधी उभा केला. आणि शौचाला रक्त पडतंय का, हे बघा, लाजू नका, असं टीव्हीवर सरळ सांगितलं. मी फार्मासिस्ट आहे. आपल्या बायका "पोटाचं आहे जरा" याच्या पुढे कधी जात नाहीत. त्या उन्हाळ्यात एक गुजराती मावशी काउंटरवर वाकून म्हणाल्या, "त्या टीव्हीवरच्या पोरीसारखं असेल का?" त्याच दिवशी त्यांना जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, पाठवलं. अशा कितीतरी जणी आल्या.

रेडिंग. नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या सरकारने २३ सप्टेंबरला मांडलेल्या मिनी-बजेटनंतर आमचं ठरलेलं गृहकर्ज बँकेने मागे घेतलं. नव्या व्याजदरात हप्ता झेपेना, घर हातचं गेलं. महिन्याभरात ट्रस गेल्या. २४ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ऋषी सुनक सत्ताधारी पक्षाचे नेते झाले, म्हणजे पंतप्रधानपद त्यांचंच ठरलं. सगळे पेढे वाटत होते. आम्हालाही आनंद झाला, पण पूजा भाड्याच्याच घरात केली.

लीड्स. नर्सेसचा संप, १५ डिसेंबर. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग या नर्सेसच्या संघटनेच्या १०६ वर्षांत एवढा मोठा संप झाला नव्हता. डायलिसिस आणि केमोथेरपी संपातून वगळली होती, आणि माझी ड्युटी डायलिसिसला. मैत्रिणी बाहेर कडाक्याच्या थंडीत फलक घेऊन उभ्या, गाड्या हॉर्न वाजवून पाठिंबा देत होत्या. माझा एक पेशंट मशीनला जोडलेल्या अवस्थेत म्हणाला, "तूही जा ना बाहेर, मी कुठे पळून जातोय!" जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना थर्मासभर आल्याचा चहा नेऊन दिला. मागणी पगारवाढीची होती. ती काही मान्य झाली नाही, जानेवारीत पुन्हा संप झाला. त्या वेळी माझी ड्युटी नव्हती, मीही फलक घेऊन उभी राहिले.