कलेचा इतिहास शिकायला परदेशी संग्रहालयं पालथी घालायलाच हवीत का?

चित्रवेडी:
परदेशात कलेचा इतिहास शिकताना बरेचसे तास थेट संग्रहालयात होतात. माझ्या मते खरा अभ्यास तोच, बाकी पाठांतर. पुस्तकात 'मोनालिसा' आणि इटालियन चित्रकार व्हेरोनेझेचं 'काना येथील विवाहभोज' ही चित्रं एकाच मापात छापतात. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात ती समोरासमोर आहेत. एक ७७ बाय ५३ सेंटिमीटर, दुसरं जवळपास दहा मीटर रुंद! तुमचं काय मत?

घरकोंबडा:
त्या दालनात सगळे फोन मोनालिसाकडे वळलेले, आणि बाई काचेआड. एवढ्यासाठी फी, व्हिसा, घरभाडं? ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राचं ७१७ गिगापिक्सेलचं, म्हणजे ७१७ अब्ज ठिपक्यांचं, छायाचित्र सगळ्यांना फुकट खुलं केलं. रंगाला गेलेले तडे मोजत बसा. तिथे कठड्याबाहेरून डोळे फाडून बघितलंत तरी दिसायचे नाहीत.

चित्रवेडी:
तडे जुनी चित्रं जपणाऱ्या संवर्धकांना लागतात. चित्रापासून किती लांब उभं राहायचं, ते मला कळायला हवं. स्क्रीनवर सगळंच हातभर अंतरावर.

जुना खडूस:
दोघांचंही अर्धवट. 'काना' १५६३ चं, व्हेनिसच्या एका मठातल्या भोजनगृहासाठी काढलेलं. जेवणाऱ्या साधूंसमोर भिंतभर जेवणावळ, ही त्यातली गंमत. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते उचलून नेलं. २००७ पासून त्या जागी हुबेहूब प्रतिकृती आहे. मी म्हणेन, आधी ती बघा. आणि चित्रकार कॅराव्हॅज्जो बघायचा तर रोममधलं सान लुइजी देइ फ्रांचेझी चर्च गाठा. येशू मॅथ्यूला बोलावतो ते त्याचं 'मॅथ्यूला पाचारण' हे चित्र तिथल्या एका प्रार्थनाकक्षात डाव्या भिंतीवर आहे. चित्रात उजेड उजवीकडून येतो, आणि त्या प्रार्थनाकक्षाची खरी खिडकीही त्याच बाजूला! संग्रहालयात टांगलं असतं तर निम्मा जीव गेला असता त्याचा.

घरकोंबडा:
म्हणजे नक्कल चालते! मग माझ्या नकलेने काय घोडं मारलंय? १७१५ साली 'नाइट वॉच'च्या कडा कापल्या. तिथे काय होतं ते कळतं तेही लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने केलेल्या छोट्या नकलेवरूनच.

जुना खडूस:
व्हेनिसची नक्कल त्याच मापाची, त्याच भिंतीवर आहे हो. तुमची लॅपटॉपवर.

चित्रवेडी:
म्हणजे जाणं आलंच ना! आठवड्यात सहा संग्रहालयं उरकणाऱ्या स्टडी टूरला मात्र माझाही विरोध. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कायमच्या संग्रहाला तिकीट नाही. तिथे राहून शिकणाऱ्याला चित्रकार व्हान आयकचं १४३४ चं 'आर्नोल्फिनी दाम्पत्य' हे चित्र हवं तितक्यांदा बघता येतं. आधी झुंबर दिसतं, कुत्रा दिसतो. मग कधीतरी मागच्या गोल आरशात दारात उभी असलेली दोन माणसं.

घरकोंबडा:
मला झूम केल्यावर पहिल्याच दिवशी दिसली ती.