अनियंत्रित हवाई क्षेत्रात नियंत्रकाचा हुकूम कुठून लागू होतो?

प्रश्न (होटगी रस्ता, सोलापूर)

माझा भाचा अमेरिकेत वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. टॉवर नसलेल्या एका लहान धावपट्टीवरून आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे, उड्डाण करण्यापूर्वी त्याने दूरध्वनीवरून नियंत्रकाकडे क्लिअरन्स मागितला. त्याला मार्ग, उंची आणि ट्रान्सपाँडरचा, म्हणजे रडारवर विमानाची ओळख पटवणाऱ्या यंत्राचा, क्रमांक देण्यात आला, उडाल्यावर 270 अंशांची दिशा धरण्यास सांगण्यात आले, आणि ठरावीक वेळेपर्यंत विमान हवेत गेले नाही तर क्लिअरन्स रद्द समजावा, असेही बजावण्यात आले. ही धावपट्टी जी वर्गाच्या, अर्थात अनियंत्रित, क्षेत्रात असून तेथे नियंत्रित क्षेत्र जमिनीपासून 700 फुटांवर सुरू होते. मी आयुष्यभर वकिली केली. अधिकारक्षेत्र नसलेल्या न्यायालयाचा हुकूम म्हणजे नुसता कागद, एवढे मला ठाऊक आहे. मग त्या 700 फुटांत उड्डाणाची वेळ आणि दिशा ठरवणारा हा नियंत्रक कोण?

उत्तर १ (निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक)

वकीलसाहेब, क्लिअरन्स म्हणजे उडण्याची परवानगी, हे गृहीतक आधी बाजूला ठेवावे लागेल. आयएफआर विमानासाठी क्लिअरन्स हे मुख्यतः इतर आयएफआर विमानांपासून अंतर राखण्याचे आश्वासन असते, आणि जेथे कोणीही कोणाला न विचारता उडू शकतो, त्या हवेविषयी असे आश्वासन नियंत्रक देऊ शकत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 11 मधील वर्गीकरणानुसार जी वर्गात आयएफआर विमानालाही क्लिअरन्सची अट नाही. तेथे मिळते ती केवळ उड्डाण माहिती सेवा. सात रस्त्याला पोलिसाने हात दाखवला की थांबावेच लागते. पोलीस नसलेल्या वळणावर पानटपरीवाला ‘या, डावीकडून काही नाही’ म्हणतो, आपण त्याचे ऐकतोही, पण धडक झाली तर त्याला कोणी जाब विचारत नाही.

आपल्या भाच्याचा क्लिअरन्स 700 फुटांच्या वरच्या ई वर्गासाठी, म्हणजे नियंत्रित क्षेत्रासाठी, आहे. अमेरिकेच्या नियम 91.173 प्रमाणे नियंत्रित क्षेत्रात आयएफआर उड्डाण करायचे तर फ्लाइट प्लॅन आणि क्लिअरन्स दोन्ही लागतात. लहान विमान साधारण मिनिटभरात 700 फूट चढते, त्यामुळे वर शिरण्याची वेळ जमिनीवरच ठरवून घ्यावी लागते. ती मुदत म्हणजे वरची जागा किती वेळ राखून ठेवली आहे, याची सूचना होय. तोवर नियंत्रक दुसऱ्या आयएफआर विमानांना तेथून दूर ठेवतो. उड्डाण झाले नसेल, तर मुदत संपल्यानंतर 30 मिनिटांच्या आत तसे कळवावे लागते, अन्यथा विमान बेपत्ता समजून शोध सुरू होतो.

उत्तर २ (उड्डाण प्रशिक्षक)

बव्हंशी सहमत, परंतु ‘आश्वासन’ हा शब्द मला सौम्य वाटतो. नियम 91.123 प्रमाणे, आणीबाणी वगळता, जेथे नियंत्रण केले जाते त्या क्षेत्रात नियंत्रकाच्या सूचनेविरुद्ध विमान चालवता येत नाही. ‘जेथे नियंत्रण केले जाते’ हे शब्द वकिलांनी अधोरेखित करावेत. दिशेबाबत तर अमेरिकी नियंत्रकांच्या कार्यपुस्तिकेनेच त्यांचे हात बांधले आहेत: अशा धावपट्टीवरून उडणाऱ्याला उडाल्यावर कुठे वळावे हे सांगू नये, आणि दिशा द्यायचीच झाली तर ती केवळ नियंत्रित क्षेत्रात लागू होईल अशा शब्दांत द्यावी. त्या पहिल्या काही शे फुटांत अडथळे चुकवणे हे वैमानिकाचेच काम आहे. आपल्या होटगी रस्त्याच्या धावपट्टीजवळची साखर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली गेली. तोपर्यंत तिच्यावरून शहरात किती वाद झाले, हे आपण पाहिले आहेच. तशी चिमणी एखाद्या अनोळखी धावपट्टीच्या पश्चिमेला असेल आणि ढग खाली आलेले असतील, तर दूरच्या खोलीतून मिळालेले 270 अंश काय कामाचे?

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. मात्र भाच्याने ती दिशा दूरध्वनीवर जशीच्या तशी परत वाचून दाखवली होती. पक्षकारांच्या संमतीने अधिकारक्षेत्र निर्माण होत नाही, हे तत्त्व येथेही चालेल काय?

उत्तर २ (उड्डाण प्रशिक्षक)

तत्त्व चालेल, पण त्यावर विसंबून विमान चालवू नये. परत वाचून दाखवले की वैमानिक तसेच करणार, असे नियंत्रक धरून चालतो आणि दुसरे विमान दुसऱ्या बाजूने आणतो. पटत नसेल तर फोन ठेवण्यापूर्वी ‘अनेबल’, म्हणजे ‘जमणार नाही’, एवढा एक शब्द उच्चारावा, किंवा ही दिशा नियंत्रित क्षेत्रात शिरल्यावरची आहे ना, असे स्पष्ट विचारावे. ‘हो’ म्हणून ठेवून मग वेगळे वळणे, यापरीस न विचारता उडालेला बरा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. अर्थात दोन्ही करू नये.

उत्तर ३ (विमानप्रेमी वाचक)

ब्रिटनमध्ये हुकूम आणि माहिती यांतला हा भेद शब्दांतच दिसतो. तेथील उड्डाण माहिती अधिकारी ‘क्लिअर्ड टु लँड’ (उतरण्यास परवानगी आहे) म्हणू शकत नाही. वारा सांगतो आणि ‘लँड ॲट युअर डिस्क्रिशन’ (आपल्या निर्णयाने उतरा) म्हणतो. जमिनीवर, धावपट्टीअलीकडच्या थांबारेषेपर्यंत, तोच अधिकारी सूचना देऊ शकतो आणि त्या पाळाव्या लागतात.

प्रश्नकर्ता

काल रात्री भाच्याकडून त्याने घाईत लिहून घेतलेल्या कागदाचा फोटो मागवला. 270 च्या अलीकडे ‘नियंत्रित क्षेत्रात शिरल्यावर’ या अर्थाचे लघुरूप स्पष्ट लिहिलेले आहे. मला सांगताना त्याने नेमके तेवढेच गाळले होते.