उन्हाच्या पुरळावर नेच्याच्या कॅप्सूल घ्याव्यात का?

प्रश्न : सुलभा, वाळपई

नमस्कार. मार्चमध्ये आमच्या बागायतीत काजू गोळा करण्याचे काम सुरू झाले की दोन-तीन दिवसांतच माझ्या हातांवर आणि मानेवर पुरळ उठते, खाज सुटते आणि आठवडाभर ती जात नाही. लिस्बनला राहणाऱ्या माझ्या भाच्याने यंदा नेच्याच्या (फर्नच्या) अर्काच्या कॅप्सूल आणल्या आहेत. त्या पोटात घेतल्या की ऊन बाधत नाही, असे तो सांगतो. सासूबाईंचे म्हणणे असे की, पावसाळ्यात आपल्या कुळागरातल्या झाडांवर एवढा नेचा उगवतो, मग तो परदेशातून कशाला आणायचा? माझे वय ५२ असून रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. या कॅप्सूल घेतल्यास सनस्क्रीन सोडता येईल का?

नीलेश, फोंडा

सुलभाताई, मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून आधी सासूबाईंच्या प्रश्नाविषयी लिहितो. कॅप्सूलमधला नेचा मूळचा अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला असून त्याचे शास्त्रीय नाव फ्लेबोडियम ऑरियम आहे. औषधाच्या पाकिटावर बहुधा पॉलिपोडियम ल्युकोटोमोस हे जुने नाव छापलेले असते. आपल्याकडे झाडांवर वाढणारे बाशिंग त्याच कुळातले खरे, परंतु कूळ एक असले म्हणून गुण एक असतात असे नाही, आणि कॅप्सूलमध्ये पाला नसून प्रमाणित केलेला अर्क असतो. रानातला नेचा ओळखल्याशिवाय पोटात घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ब्रॅकन नावाच्या नेच्यात टाक्विलोसाइड हे कर्करोगाशी संबंध असलेले विष असते.

मेधा, मडगाव

मी औषधविक्रेती आहे. या अर्कात फेरुलिक आणि कॅफेइक आम्लासारखी अँटिऑक्सिडंट द्रव्ये असतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेच्या पेशींत जी हानी होते, ती काही अंशी कमी करण्याचे काम ती करतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शरीराच्या दर किलो वजनामागे ७.५ मिलिग्रॅम अर्क घेतलेल्यांच्या त्वचेवर अतिनील किरणांनी येणारी लाली कमी झाली होती, मात्र त्यात अवघे ९ जण सहभागी होते. उन्हाच्या ॲलर्जीने पुरळ येणाऱ्यांनाही त्याचा काही उपयोग झाल्याचे छोट्या अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे भाच्याचे म्हणणे अगदीच निराधार नाही.

तरीही सनस्क्रीन सोडू नका. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा गोळ्या विकणाऱ्या कंपन्यांना इशारापत्रे पाठवली आणि कोणतीही गोळी किंवा कॅप्सूल सनस्क्रीनची जागा घेऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. एसपीएफ (ऊन अडवण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० चे सनस्क्रीन पुरेसे जाड लावले तर त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते, पण घाम येत असेल तर ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि रुंद काठाची टोपी यांचा उपयोग तर मला कॅप्सूलपेक्षा कितीतरी अधिक वाटतो.

मला खरी काळजी तुमच्या रक्तदाबाच्या गोळीची वाटते. तिच्यात हायड्रोक्लोरोथायाझाइड हे लघवी वाढवून रक्तदाब उतरवणारे औषध असेल, तर त्यानेच त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. पाकीट पाहा, परंतु गोळी स्वतःहून बंद करू नका.

रामचंद्र, पेडणे

आणखी एक शक्यता तपासावी. काजूच्या कवचातले तेल अंगाला लागले तर त्वचा भाजल्यासारखी होते, आणि काजू, आंबा व बिब्बा ही एकाच कुळातली झाडे असल्यामुळे आंब्याच्या चिकानेही काहींना तसाच त्रास होतो. माझ्या आईच्या बोटांच्या बेचक्यांत दर हंगामात फोड येत असत आणि आम्ही अनेक वर्षे उन्हालाच दोष देत राहिलो. बिया वेगळ्या करताना हातमोजे वापरायला लागल्यावर तिचा त्रास गेला. पुरळ सदऱ्याने झाकलेल्या भागावरही येत असेल किंवा बोटांवर अधिक असेल, तर त्याचे कारण उन्हात नसून काजूत असू शकते.

सुलभा, वाळपई

सर्वांचे मनापासून आभार. पाकीट पाहिले, गोळीत टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या दुसऱ्या औषधासोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मिलिग्रॅम आहे, आणि मागे वळून पाहता पुरळाचा त्रास ही गोळी सुरू झाल्यानंतरच्या उन्हाळ्यापासूनचा आहे. बोटांवर मात्र काहीच येत नाही. पुरळ मनगटाच्या वर आणि मानेच्या उघड्या भागावर असते. सोमवारी गोळीचे पाकीट आणि कॅप्सूलची डबी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जाते. तोपर्यंत डबी उघडणार नाही.