फणसाच्या फळ्यांचं जेवणाचं टेबल घरीच करायचं आहे, जाणकारांनी सांगा

पडवी (ठाणे)

नमस्कार मंडळी. माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यात. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, नारळ मोडले आणि विहिरीजवळचा कापा फणस मुळासकट उपटला. बाबांनी त्याचं सरपण होऊ दिलं नाही. रीतसर कागदपत्रं करून खोड सॉ मिलवर नेलं आणि दीड इंची फळ्या पाडून आणल्या. तेव्हापासून त्या पडवीत रचून ठेवल्या आहेत. लांबी सात फुटांच्या आसपास, रुंदी नऊ ते अकरा इंच.

आता त्यांचं जेवणाचं टेबल करायचं आहे, आम्ही घरच्यांनीच. माप 5 फूट × 3 फूट. आमचा हॉल अरुंद आहे, म्हणून भिंतीकडच्या बाजूला खुर्च्यांऐवजी बाक हवा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसलं की उठता येत नाही. त्यामुळे बाकाची उंचीसुद्धा त्यांच्या सोयीने ठरवायची आहे. घरात ड्रिल आणि जिगसॉ आहे, यजमानांना दोन्ही चांगलं जमतं.

ओळखीचे मिस्त्री म्हणतात, "फणस किडतो, वाकतो. प्लाय आणा, वर सनमायका मारतो, आठवड्यात टेबल उभं." मला ते नको आहे. त्या झाडाखाली आम्ही भावंडं वाढलो. पण लाकूड खरंच किडणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं. फळ्या एकमेकींना कशा जोडायच्या? पॉलिश कोणतं? बाक किती उंच?

कडीपाट

मिस्त्रींना अगदीच मोडीत काढू नका. बाकाखाली सामानाचा खोका करणार असाल तर तो प्लायचाच करा, हलका होईल आणि वाकणार नाही. फक्त दुकानात "वॉटरप्रूफ द्या" एवढंच सांगून थांबू नका, शीटवरचा शिक्का वाचा. प्लायच्या भारतीय मानकांपैकी आयएस 303 मध्ये एमआर म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा आणि बीडब्ल्यूआर म्हणजे त्याहून बराच वरचा. आयएस 710 म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यात चांगला टिकणारा. ठाण्याच्या दमट हवेत, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवायचं असेल तर एमआर घेऊ नका. टेबलाचा वरचा भाग मात्र फणसाचाच करा, त्याबद्दल मी तुमच्या बाजूने.

साचेकार (कोल्हापूर)

ताई, टेबल याच लाकडाचं करा. फणस किडतो हे अर्धंच खरं आहे. फळीच्या कडेला, सालीलगत, जो फिकट पांढुरका पट्टा दिसतो तो किडतो. त्यात पिष्ट असतं आणि लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना तेच हवं असतं. आतला पिवळा गाभा चांगला टिकतो. कोकणातल्या जुन्या घरांत फणसाचे खांब आणि दारं उगीच नाही वापरली. तेव्हा पांढरं निर्दयपणे कापून टाका, फळी दोन इंचांनी अरुंद झाली तरी चालेल.

एक तपासणी आजच करायला सांगा. फळ्यांखाली कागद पसरायचा आणि आठवड्याने बघायचं. कागदावर पिठासारखी बारीक भुकटी पडली तर आत जिवंत कीड आहे. जुनी, कडेने काळवंडलेली भोकं असतील आणि भुकटी नसेल तर घाबरायचं कारण नाही. कीड असली तर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवून कोऱ्या लाकडावर ब्रशने दोन-तीन हात द्या. वाळवीसाठी मिळणारी रॉकेलमधली जहाल औषधं जेवणाच्या टेबलाला लावू नका.

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, करण्यात आयुष्य घालवलं. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच तेवढी मोठी आखलेली असते. कुठलीही वस्तू करायला घेतली की ही किती आकसेल, किती फुगेल हे आम्ही आधी बघतो. तुमच्या टेबलाबद्दलही मला मुख्य सांगायचंय ते हेच. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र जन्मभर हलतं. पावसाळ्यात फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तीन फूट रुंदीच्या पाटाला, म्हणजे टेबलाच्या वरच्या सपाट भागाला, वर्षभरात दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरक सहज पडतो. हा पाट खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रूने आवळला तर दोनपैकी एक होणारच: पाट तडकेल, नाहीतर चौकटीचे सांधे उखडतील. "फणस वाकतो" असं लोक म्हणतात, त्यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी हे आवळणं असतं.

आता क्रमाने. इंचभर जाडीला एक वर्ष, असा हवेवर वाळवण्याचा ढोबळ हिशेब असतो, त्यामुळे तुमच्या फळ्या पुरेशा मुरल्या आहेत. पण त्या श्रीवर्धनच्या पडवीच्या हवेला मुरल्या आहेत, तुमच्या हॉलच्या नव्हे. ठाण्याला आणून लगेच कापू नका. हॉलमध्येच, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचा. त्यातली एक फळी दर आठवड्याला वजनकाट्यावर ठेवा आणि वजन तिच्यावरच पेन्सिलीने लिहीत जा. वजन उतरायचं थांबलं की फळी तयार. काम दिवाळीनंतर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये फुगलेल्या फळ्या जोडल्या तर उन्हाळ्यात आकसून सांध्यांवर ताण येतो.

दीड इंची फळी हाताने रंधायचा हट्ट नको. जवळच्या वर्कशॉपमध्ये मशीनच्या रंध्यावर सव्वा इंचावर आणून घ्या. कडा मात्र स्वतः मारा, कारण टेबल तिथेच जमतं किंवा बिघडतं. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटल्यासारख्या समोरासमोर मिटा, कडा वर करून शिकंज्यात धरा आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा चालवा. रंधा थोडा कलला तरी बिघडत नाही. एका कडेचा कल दुसरीच्या उलट पडतो आणि फळ्या उघडल्या की पाट सपाटच बसतो. मग सरस न लावता एक फळी दुसरीवर उभी करा आणि मागून बॅटरी मारा. उजेडाची रेघ दिसली की तिथे पुन्हा रंधा. मधोमध अगदी केसभर फट राहिली तर चालते, क्लॅम्प ती ओढून घेतो. टोकांना फट अजिबात नको, कारण टोकांनाच लाकूड आधी आकसतं.

सांध्याला फेव्हिकॉल मरीन वापरा. दोन्ही कडांना पातळ हात, फूट-फूट अंतरावर क्लॅम्प, एक पाटावरून तर पुढचा पाटाखालून, म्हणजे पाट कमान होत नाही. लांब क्लॅम्प महाग पडतात. त्याऐवजी जाड फळीवर दोन पट्ट्या स्क्रूने ठोका, मधे पाट ठेवा आणि उरलेल्या जागेत समोरासमोर दोन पाचरी ठोकून आवळा. दाब तितकाच चांगला येतो. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने फासू नका, तो लाकडाच्या रंध्रांत बसतो आणि तिथे पॉलिश धरत नाही. जरा घट्ट झाला की पटाशीने खरवडून काढा.

चौकटीच्या आतल्या अंगाला खाच पाडा. एल आकाराचे छोटे लाकडी गुटके करून त्यांचं नाक खाचेत सरकवा आणि स्क्रू फक्त पाटात मारा. गुटका आणि चौकट यांच्यामध्ये सुताभराहून जास्त मोकळी जागा ठेवा. पाट खाली धरलेला राहतो आणि रुंदीत हवा तसा सरकतो. माहेरच्या घरी जुनी फळ्यांची दारं असतील तर निरखून बघा. चौकटीच्या खाचेत फळी नुसती बसवलेली असते, खिळा ठोकलेला नसतो. आपल्या जुन्या सुतारांनी हे पिढ्यान्पिढ्या केलं आहे.

उंचीबद्दल. टेबल 30 इंच, बाक साधारण 18. पण पुस्तकातलं माप बाजूला ठेवा. सासूबाईंना घरातल्या वेगवेगळ्या बैठकांवर बसवून बघा, कशावरून हात न टेकता उठता येतं ते पाहा आणि ती उंची मोजा. 19 आली तर बाक 19 चा करा. टेबलाच्या पाटाखालची चौकट मात्र तीन इंचांहून खोल नको, नाहीतर मांड्या अडकतील. बाकाच्या टोकाला, त्यांचा हात सहज पोचेल असा एक भक्कम हातवाही, म्हणजे हात टेकायचा आधार, द्या. उठताना जोर द्यायला त्याचा फार उपयोग होतो. तो नुसता सरसाने डकवू नका, खाली बाकाच्या पायापर्यंत अखंड उतरवा.

वऱ्हाडी रंधा (नागपूर)

साचेकार काकांच्या म्हणण्याला आमच्याकडचा पुरावा. विदर्भात मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की मुंबई-कोकणात केलेलं टेबल इथे आलं की सांधे बोलायला लागतात. त्यात आम्ही खिडकीला कूलर लावतो. माझ्या सागवानी टेबलाची कूलरसमोरची बाजू भर उन्हाळ्यात फुगते आणि पलीकडची आकसलेली असते. एकाच पाटात दोन ऋतू. पाट गुटक्यांवर आहे म्हणून टिकलाय. ताई, तुम्ही एसी लावत असाल तर टेबल थेट त्याच्या झोताखाली ठेवू नका. आणखी एक, लाकूड घासताना मास्क लावाच. लाकडाची बारीक धूळ फुफ्फुसांना वाईट. घरात लहान मूल असेल तर घासकाम गच्चीवर करा.

पडवी (ठाणे)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते आजच फळ्यांखाली वर्तमानपत्र घालणार आहेत. हातवाही असलेल्या बाकाची कल्पना सासूबाईंना फारच आवडली.

दोन शंका. आमची लिफ्ट लहान आहे. उद्या घर बदललं तर हे टेबल बाहेर कसं काढायचं? आणि पॉलिशचं राहिलंच. आमच्याकडे गरम पातेली सरळ टेबलावर येतात, हळदीचे हात लागतात. फणसाचा पिवळा रंग तसाच राहावा असंही वाटतं.

साचेकार (कोल्हापूर)

टेबल सुटं होणारं करा. पायासाठी दोन फळ्या पाठीला पाठ लावून चिकटवा, अडीच इंची चौरस पाय मिळेल. तीन फुटांच्या बाजूचे दोन पाय आणि मधली पट्टी यांचा सांधा कायमचा: पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे भोकात बसणारी जीभ, काढायचं, पायात त्याच मापाचं चौकोनी भोक, आणि सरस. कुसवाची जाडी पट्टीच्या साधारण एक तृतीयांश ठेवा, तुमच्या सव्वा इंचीला तीन सूत. तीन सुती पटाशी घेतली की भोकाचं माप आपोआप जमतं. पाच फुटांच्या बाजूच्या लांब पट्ट्या मात्र सरसाने लावू नका, नट-बोल्टवर बसवा. घर बदलताना बोल्ट काढले की दोन चौकटी, दोन पट्ट्या आणि एक पाट असे वेगळे निघतात. पाट पाच फुटांचा आहे, तो लिफ्टमध्ये उभा जाईल किंवा दोघं जण जिन्याने नेतील.

पॉलिश. फ्रेंच पॉलिश दिसायला मला सगळ्यात प्रिय आहे, पण ते लाखेचं. गरम पातेल्याने पांढरे गोल उमटतात. जेवणाच्या टेबलाला दोन घटक मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, हळदीलाही तेच सगळ्यात चांगलं टिकतं. तरी पातेल्याखाली काहीतरी ठेवायची सवय लावाच. 120, 180, 220 नंबरचा पॉलिश पेपर असा चढत जा, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. शेवटच्या पेपरआधी ओलं फडकं फिरवून वाळू द्या. तंतू उभे राहतात, ते 220 ने कापून काढा. पीयू पातळ हातांत, दोन हातांच्या मधे 320 चा पेपर. पाटाच्या खालच्या अंगालाही तेवढेच हात द्या. एकाच अंगाला पॉलिश असलं की दोन्ही अंगं ओल वेगवेगळी पितात आणि पाट वाकतो.

रंगाचं खरं सांगतो: पिवळा राहणार नाही. उजेडाने फणस हळूहळू तांबूस तपकिरी होत जातो. एका तुकड्यावर अर्धा भाग कागदाने झाकून उन्हात ठेवा, दोन्ही रंग शेजारी दिसतील. मला तो पिकलेला रंग जास्त आवडतो. वरून स्टेन लावून तो झाकू नका. सुरुवातीचे काही महिने टेबलावर एकाच जागी टेबलक्लॉथ किंवा फुलदाणी ठेवू नका, नाहीतर खालचा भाग वेगळा दिसेल.

बाकाला जवसाच्या तेलाचा हात देणार असाल तर एक काळजी न चुकता घ्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघडी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

रंधा विकत घेताना पातं बाहेर काढून बघा आणि पहिल्याच दिवशी दगडावर त्याची पाठ सपाट करा. फणसात रेषा उलटसुलट फिरलेल्या असतात, बोथट पात्याने तिथे टवके उडतात. पातं अगदी कमी बाहेर काढायचं आणि तिरका हात मारायचा. पहिला सराव कापून टाकलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर करा.