मदत हवी आहे: 1991 ची पद्मिनी मागून खाली बसली आहे, पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) ठोकून घेऊ की नवीन टाकू?

नमस्कार मंडळी,

घरी आबांची 1991 ची प्रीमियर पद्मिनी आहे. आबा जाऊन सहा वर्षं झाली, आता गाडी मी चालवतो. आई 76 वर्षांची, कमरेच्या मणक्याचा त्रास. दर पंधरा दिवसांनी तिला कळेहून कोल्हापूरला फिजिओथेरपीला न्यावं लागतं. घरात दुसरी नवी गाडी आहे, पण तिच्यात पुढे वाकून शिरताना आईच्या कमरेत कळ येते. पद्मिनीत ती सरळ बसते, म्हणून दर वेळी हीच गाडी काढायला सांगते.

अडचण अशी, की मागे तिघं बसले की प्रत्येक स्पीडब्रेकरला खालून 'धाड' असा आवाज येतो. एकटी आई बसली तरी मोठ्या खड्ड्यात तोच प्रकार. हल्ली स्पीडब्रेकर दिसला की ती दोन्ही हात सीटवर रोवून स्वतःला उचलून धरते. आरशात ते दिसतं आणि जिवाला लागतं.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये दाखवली. 'शॉकअप गेलेत' म्हणाले, चारही नवे टाकून घेतले. आधी खड्ड्यानंतर गाडी तीन-चार वेळा झुलायची, ती आता एकदाच वरखाली होऊन थांबते. दणका मात्र तसाच. नंतर समजलं, की गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते पुढे कॉइल स्प्रिंगवर आणि मागे पाट्यांवर असतं. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर पैसे योग्य जागी गेले असते.

रविवारी स्वतः बघायला बसलो. सपाट फरशीवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावला. मागची उजवी बाजू डावीपेक्षा 2 सेंटीमीटर खाली आहे. मग गाडी स्टँडवर घेऊन टॉर्च धरून खाली झोपलो. हाउसिंगच्या (मागच्या दोन चाकांमधल्या लोखंडी आडव्या भागाच्या) वर बॉडीला जो रबरी ठोकळा असतो, तो चिरलाय आणि खाली हाउसिंगवर त्याच्या मापाचा चकचकीत डाग पडलाय. म्हणजे पाटे पूर्ण दबून लोखंड ठोकळ्यावर आपटतंय, 'धाड' येते ती तिथूनच. पाट्यांच्या फटीत स्क्रूड्रायव्हर सरकवला तर गंजाचे तांबूस पापुद्रे हातावर पडले. उजवीकडच्या दुसऱ्या पाट्याच्या टोकाला केसाएवढी रेघही दिसते. ब्रशने घासली, तरी गेली नाही. ती चीरच असावी.

आता तीन जणांनी तीन सल्ले दिलेत. एक कमानवाले म्हणतात, 'तापवून ठोकून कमान आणून देतो, संध्याकाळी गाडी न्या.' दुसरे म्हणतात, 'एक पाटा वाढवा, कायमची उचलेल.' तिसरे म्हणतात नवीन सेटच टाका, पण सेट मिळायला हवा ना! पूर्वी मुंबईच्या टॅक्सीमुळे पद्मिनीचं सामान कुठूनही मागवता यायचं. ऑक्टोबर 2023 ला तिथल्या पद्मिनी टॅक्सीही बंद झाल्या. आमच्या दुकानदाराचं महिनाभर 'बघतो' चाललंय.

मला गाडी उंच करायची नाही आणि सामानही वाहायचं नाही. आईला दणका बसू नये, एवढंच हवंय. पुढच्या स्प्रिंगाही आत्ताच बदलाव्यात का? गाडी यंदा पासिंगलाही न्यायची आहे, तेव्हा काम एकदाच आणि नीट व्हावं. जाणकारांनी कृपया सांगावं.

मिरज रोड:
दादा, आमच्या घरी दोन ट्रक होते, पाट्यांची कामं लहानपणापासून बघितली आहेत. पाटा वाढवू नका. पाच पाट्यांचे सहा केले की स्प्रिंग साधारण पाचव्या हिश्श्याने कडक होते. तिघं बसल्यावर ठीक वाटेल, पण एकट्या आईंना प्रत्येक बारीक खड्डा कमरेत लागेल. तुम्हाला हवंय त्याच्या नेमकं उलट.

ठोकून घेण्याबद्दल सांगतो. पाट्याचं पोलाद भट्टीत तापवून तेलात विझवतात आणि परत बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात, तेव्हा त्याला लवचिकपणा येतो. संध्याकाळी गाडी न्या म्हणणारे बहुतेक नुसतं लाल करून वाकवतात आणि हवेत गार करतात. असा पाटा काही महिन्यांत परत बसतो. थंड ठोकलेलाही टिकत नाही. आणि चीर गेलेला पाटा तर कुठल्याच परिस्थितीत परत घालू नका, वेल्डिंग करून तर नाहीच.

आधी एक माप घ्या. पाटे उतरवले की ज्या मुख्य पाट्याची दोन्ही टोकं बुशसाठी (बोल्टभोवतीच्या रबरी नळीसाठी) गोल वळवलेली असतात, त्याच्या एका बुशच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणा. दोरीपासून पाट्याच्या मध्याची खोली मोजा. डाव्या-उजव्यात फरक किती आहे ते लगेच कळेल. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा), यू-बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळणारे) आणि शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश नवेच घ्या. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. हवेत आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळून राहतं आणि लवकर फाटतं. दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळून घ्या.

जुनी गाडी:
वरच्यांशी सहमत. गंज काढून पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीस भरायला विसरू नका. एकमेकांवर सरकायचे पाटे गंजून चिकटले की छोट्या खड्ड्यांना स्प्रिंग हलतच नाही, सगळा धक्का सरळ सीटपर्यंत येतो. तुमचा अर्धा त्रास तिथेच असेल. जळकं ऑइल ओतू नका, रबर खराब होतं.

पुढची उंची दोन्हीकडे सारखी असेल आणि ठोकळा आपटत नसेल, तर पुढच्या स्प्रिंगांना हात लावू नका. बाजारात वेढ्यांमध्ये घालायचे रबरी बफर मिळतात, तेही नकोत. ते दोन वेढे धरून ठेवतात आणि उरलेली स्प्रिंग कडक होते. काम निघालंच तर स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर असलेल्या माणसाकडेच द्या. दबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते.

मूळ प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल पाटे उतरवले आणि दोरी लावली. डावीकडे साडेचार बोटं खोली, उजवीकडे जेमतेम अडीच. मुख्य पाट्याखालून दुसरा पाटा सुटा केल्यावर ती चीर खालच्या बाजूने आरपार दिसली. आता ठोकायचा विषयच नाही. पुढची उंची दोन्हीकडे सारखी भरली, तिकडे काही करत नाही.

जुना सेट नमुना म्हणून जपून ठेवलाय. रुंदी, जाडी आणि पाट्यांची संख्या तीच ठेवून, भट्टीचं काम नीट करून नवीन सेट बनवून देणारं कोणी कोल्हापूर, सांगली किंवा साताऱ्यात माहीत आहे का? आईची पुढची फेरी येत्या गुरुवारी आहे. तेवढी रिक्षाने करू, पण त्याच्या पुढची याच गाडीने करायची आहे.