फ्रिज चांगला आहे, तरी पालक सडतो आणि बटाट्यांना कोंब येतात. चुकतंय कुठे?

खारूताई
आम्ही दोघंही नोकरी करतो, त्यामुळे भाजी आठवड्यातून एकदाच येते. आल्या आल्या सगळी धुते, पिशव्यांना गाठी मारते आणि खालच्या कप्प्यात कोंबते. आठवड्याच्या मध्यावर पालक चिकट, काकडीवर बुळबुळीत डाग. त्याच कप्प्यातली सफरचंदं मात्र टणटणीत! कांदे-बटाटे ओट्याखाली एकाच टोपलीत, त्यांना कोंब. फ्रिजचा आकडा वाढवून, म्हणजे जास्त थंड करून पाहिला, तर काकडी आणखीच बिघडली. नवऱ्याचं म्हणणं, फ्रिज बदलू. मला ते पटत नाहीये.

निवांत
फ्रिजला हात लावू नका. आधी ती टणटणीत सफरचंदं त्या कप्प्यातून बाहेर काढा. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. फळ पिकतं ते त्याच्यामुळे. पण पालेभाज्या, ब्रोकोली, काकडी यांना तो सोसत नाही, पानं पिवळी पडतात. गाजर तर चक्क कडू होतं.

दुसरं म्हणजे पाणी. ओला पालक गाठ मारलेल्या पिशवीत गेला की सडणारच. मी जुडी आणली की आधी रबर काढतो, कारण देठ आवळलेले असतात तिथूनच सुरुवात होते. चिरडलेलं, काळं पडलेलं एकेक पान वेचून टाकतो, एक राहिलं तरी शेजारच्यांना लागतं. मग न धुता कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळायचा, पिशवीचं तोंड उघडं. फडकं दमट लागलं की बदलायचं. धुवायचा तो चिरायच्या आधी.

कप्प्याला सरकती खिडकी असेल तर पालेभाजीसाठी बंद (ओलावा आत राहतो), फळांसाठी उघडी. ही खिडकी कशासाठी असते हे बहुतेकांना माहीतच नसतं, कंपन्याही धड सांगत नाहीत.

काकडीचं गणित उलटं आहे. १० अंशांखाली फार दिवस राहिली की ती बिघडते. म्हणजे आकडा वाढवून तुम्ही तिचे हालच केलेत. थोडीच आणा, लवकर संपवा.

उंबरठा
निवांत यांना +१. बटाटे-कांदे आजच वेगळे करा. बटाट्याच्या ओलाव्याने कांदे कुजतात. दोघांनाही हवा हवी, बटाट्याला शिवाय अंधार. उजेडात तो हिरवा पडतो, आणि त्यासोबत सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, जे शिजवूनही जात नाही. थोडा हिरवा भाग असेल तर जाड कापून टाका, सगळाच हिरवा असेल तर बटाटा फेका.

साधासुधा
धुऊन ठेवण्यावर एवढा राग का? संध्याकाळी दमून आल्यावर कोण पालक धुणार? मी आधीच धुतो, पण जाळीच्या भांड्यात निथळून, फडक्यावर पसरून पूर्ण वाळवतो. टिकतो की.

निवांत
पूर्ण वाळवत असाल तर हरकत नाही. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

उंबरठा
आकड्यावर जाऊ नका, तो अंश सांगत नाही. ग्लासभर पाण्यात थर्मामीटर बुडवून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी ४ अंश किंवा थोडं कमी दिसलं की फ्रिज ठीक. दूध दाराच्या कप्प्यात नको, सतत उघड-मीट होऊन तिथे सगळ्यात कमी थंड असतं. आणि शिजवलेलं उरलं तर २ तासांच्या आत फ्रिजमध्ये. मोठं पातेलं तसंच ढकलू नका, पसरट भांड्यांत काढा, लवकर थंड होतं.

खारूताई
सफरचंदं हलवली, टोपल्या वेगळ्या केल्या. थर्मामीटर आणायला नवऱ्याला पाठवलंय, फ्रिज बदलण्यापेक्षा स्वस्तच! ब्रेडचं काय करता? तोही फ्रिजमध्येच असतो आमच्याकडे.

साधासुधा
फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते, पण ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक, शिळा होतो. दोन-तीन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर सरळ फ्रीझर. काप आधी सुटे करून ठेवा, नाहीतर सगळा लादीसारखा एकत्र गोठतो.