मदत हवी आहे: आत्याच्या म्हाताऱ्या देवणी गाईसाठी घर (उदगीर परिसर)

नमस्कार मंडळी. उदगीरजवळच्या खेड्यात राहणारी माझी थोरली आत्या नुकतीच वारली. ऐंशी ओलांडलेली, पण एकटी राहायची, शेताचा सगळा व्यवहार स्वतः बघायची. पुण्याला चल म्हटलं की उत्तर ठरलेलं: "मी येत नसते बाबा. माझ्या जनावराला कोण बघंल?"

तव्यावरची पहिली भाकरी गाईची, दुसरी दाराशी बसलेल्या कुत्र्यांची, मग हिची. गाय आटली तेव्हा दलाल आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला मात्र हमखास जायची. घ्यायचं काही नाही, नुसती घोडी-गाढवं बघत हिंडायची!

आता अडचण. गाय देवणी जातीतल्या वानेरा प्रकारची आहे, म्हणजे अंग पांढरं, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. दात झिजलेत, त्यामुळे कडब्याची कुट्टी भिजवून द्यावी लागते. सध्या शेजारी बघतायत, पण पेरणी तोंडावर आलीय, त्यांच्या गळ्यात किती दिवस घालणार? बाजार दाखवायचा नाही हे पक्कं. उदगीर, देवणी, निलंग्याकडे कुणी घरच्यासारखी सांभाळेल का? किंवा तुम्ही स्वतः आत जाऊन पाहिलेली गोशाळा? वैरणीचा, डॉक्टरचा खर्च आम्ही दरमहा देऊ.

कुत्री गल्लीतलीच, ती हलवायची नाहीत. पण त्यांना रेबीजची लस दरवर्षी आत्याच टोचून घ्यायची. त्या भागात हे काम करणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा.